कोरडे कपडे

वाटीतल्या दुधावर आधी एक बारीक सुरकुती आली, मग तिच्यामागून दुसरी, आणि मग फळीवरचे डबे एकमेकांना ढोसायला लागले. मुलीच्या तोंडाशी नेलेला चमचा मी तसाच धरून राहिले. तिने चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. दीड वर्षाच्या माणसाला जमीन हलणं म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी काढलेला नवा खेळ वाटतो. मी तिला उंच खुर्चीतून ओढून काढलं आणि दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले. चौकटीत उभं राहावं असं शाळेत शिकवलं होतं. ते चूक आहे, टेबलाखाली शिरावं, असं नंतर कुठल्याशा पत्रकात वाचलं होतं. पण पाय शाळेचंच ऐकतात. भिंतीवरचं आमचं लग्नातलं छायाचित्र तिरकं झालं, त्यात नवऱ्याची बाजू खाली गेली. मग सगळं थांबलं. थांबल्यावर खाली एक कुत्रं भुंकायला लागलं, सरकारी खात्यासारखं, सगळं होऊन गेल्यानंतर आणि अतिशय तळमळीने. मुलगी म्हणाली, "अजून." तिला शब्द मोजकेच येतात, त्यात हा आहे.

मी तिला मांडीत घेऊन तिथेच खाली बसले. तिच्या हनुवटीवरचा बिस्किटाचा लगदा माझ्या दंडावर वाळत होता आणि मला तो पुसायचं सुचत नव्हतं. बऱ्याच वेळाने फोन वाजला तेव्हा नवऱ्याचाच असणार म्हणून धावत उचलला. नवरा सकाळच्या पाळीला होता, प्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात. खिडकी नसलेल्या त्या खोलीत दिवे आणि काटे आपापल्या जागी आहेत ना, हे बघत बसण्याचा त्याला पगार मिळतो. पण फोन मॅडमचा होता. मॅडम म्हणजे प्रकल्पप्रमुखांची बायको. समोरच्या इमारतीत, आमच्या बरोब्बर समोर राहते, आणि वसाहतीतल्या सगळ्या बायका आपल्या पदरी नोकरीला आहेत अशा समजुतीत असते.

"काय गं, घाबरली नाहीस ना?"

"नाही."

"शाब्बास. कपडे घातलेस वाळत?"

"मशीन अजून लावलंच नाही, मॅडम."

"अगं मग लाव की! ऊन डोक्यावर आलं. आणि छकुलीला आण ना जरा गॅलरीत. कोंडून काय ठेवतेस पोरीला?"

तिच्या आवाजामागे काहीतरी टिकटिक करत होतं. घड्याळ असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

हे कपड्यांचं प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर तो आधी हसतो आणि मग आपल्याकडे काळजीने बघायला लागतो. आमची वसाहत टेकाडावर आहे. खाली शहर, शहरापलीकडे समुद्र, आणि समुद्राला अगदी खेटून अणुवीज प्रकल्प. वसाहत बांधणाऱ्याने सगळ्या गॅलऱ्या शहरातून दिसतील अशा काढल्या, त्यामुळे आमच्या चादरी, परकर आणि बनियनं हा शहराच्या रोजच्या देखाव्याचा भाग झाला. आम्ही इथे येण्याच्या बरीच वर्षं आधी जमीन अशीच किंचित हलली होती. त्यानंतर थोड्या वेळाने आभाळ भरून आल्यासारखं वाटलं म्हणून एका फोरमनच्या बायकोने दोरीवरचे कपडे काढले. तिचं बघून शेजारणीने काढले, शेजारणीचं बघून वरच्या मजल्यावरचीने. खाली शहराने मान वर केली, रिकाम्या दोऱ्या पाहिल्या आणि ते पळत सुटलं. बसस्थानकावर चेंगराचेंगरी झाली, एका म्हाताऱ्याची कंबर मोडली, उघडी टाकलेली दुकानं लुटली गेली. पाऊस काही आला नाही. तेव्हापासून हा नियम, कुठेही न लिहिलेला: जमीन हलली, वादळ आलं, समुद्र चढला की आमच्या बायकांनी आधी कपडे वाळत घालायचे. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मॅडमने चहाला बोलावून मला तो समजावला आणि वर चिमट्यांची एक भरलेली पिशवी भेट दिली, सोन्याची बांगडी द्यावी तशा थाटात. "आपण पहिल्या निघायचं नाही, एवढंच," ती म्हणाली होती. "आपण हललो की सगळं हलतं." गेल्या वर्षीच्या वादळात आम्ही सगळ्या जणी धो धो पावसात चिंब कपडे वाळत घालत होतो. वारा एकेक टॉवेल ओढून नेत होता आणि आम्ही नवा आणून लावत होतो. शहराला त्यातून धीर मिळतो, असा एकूण सिद्धांत. सिद्धांत मांडणारे लोक उच्चशिक्षित आहेत.

त्या शहराबद्दल मला एरवीही फारसा आदर नाही. ज्या लोकांना स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर काय शिजतंय हे विचारायचा धीर होत नाही आणि जे त्याचं उत्तर परक्या बाईच्या पेटिकोटात शोधतात, त्यांना कुणी काय म्हणावं? पण निदान ते घाबरतात तरी. आमच्या वसाहतीत घाबरणं हे अडाणीपणाचं लक्षण धरतात. इथे जेवणाच्या टेबलावर सुद्धा पुरुष अपघाताबद्दल 'दहा हजार वर्षांतून एकदा' असं म्हणतात आणि मग निवांत भात कालवतात. मी संख्याशास्त्र शिकले आहे. दहा हजार वर्षांतून एकदा म्हणजे दहा हजारावं वर्ष नव्हे, हे मला ठाऊक आहे. ते उद्याचं असू शकतं, ते मुलीचं दूध तापवायला ठेवलेल्या सकाळचं असू शकतं. लग्नानंतर एकदा मी हे नवऱ्याला म्हटलं, तर त्याने माझ्या केसांवरून हात फिरवला. प्रेमानेच. मांजराने अचूक वेळी म्यांव केल्यावर आपण फिरवतो तसा. आणि म्हणाला, "अगं, सगळं डिझाइनमध्ये धरलेलं आहे." हे त्याचं आवडतं वाक्य. सासूबाईंच्या गुडघ्यापासून जगाच्या अंतापर्यंत सगळं त्याच्या डिझाइनमध्ये धरलेलं असतं.

त्याच्याच आग्रहाने मी एकदा प्रकल्प बघायला गेले होते, पाचवा महिना असताना. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी परिचय दिन होता. दाराशी स्पंजचा गोल अंगरखा घातलेला एक माणूस 'अणूदादा' म्हणून मुलांशी हात मिळवत होता, आणि मध्येच उकडलं म्हणून त्याने डोकं काढून काखेत धरलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन मुली किंचाळून रडल्या. माझ्या मते त्या दिवशी तिथे तेवढंच एक प्रामाणिक दृश्य झालं. मग आम्हाला कँटीनमध्ये नेलं. सबंध भिंतभर काच, काचेपलीकडे निळाशार समुद्र, आणि त्याच्या अलीकडे संरक्षक भिंत, बसलेल्या माणसाच्या नजरेखाली राहील इतपतच उंच. मी उगीच विचारलं, की वीज गेली तर भट्टी थंड ठेवणारे पंप कशावर चालतात. जनरेटरवर, नवऱ्याने कौतुकाने सांगितलं, बायको हुशार निघाली म्हणून. आणि जनरेटर कुठे आहेत? खाली, तळघरात. तळघरात का? त्याच्या शेजारचा एक अधिकारी केक खात होता. तो म्हणाला, "आधी इथेच वर ठेवायचे होते, वहिनी. पण मग कँटीनमधून समुद्र दिसला नसता." आणि सगळे हसले, नवराही हसला. पोटात मुलगी वळली. मी पाणी प्यायले आणि समुद्राकडे पाहिलं. खरंच फार सुंदर दिसत होता.

मशीन लावलं तोवर रेडिओ सांगायला लागला होता की धक्क्याचं केंद्र समुद्राखाली आहे, नागरिकांनी घाबरून जाऊ नये, मात्र किनाऱ्यालगतच्या रहिवाशांनी पाण्यावर लक्ष ठेवावं. पाण्यावर लक्ष ठेवावं! म्हणजे पाणी उद्धटपणा करतंय का ते काठीला टेकून बघत बसावं? मुलगी माझ्या पायाला धरून उभी होती आणि मशीनच्या काचेतून गरगर फिरणाऱ्या स्वतःच्या झबल्यांना टाटा करत होती. मला आईची आठवण झाली. आई तिकडे आत, डोंगराच्या पलीकडे राहते, आणि प्रत्येक फोनवर "तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला कळतं" असं म्हणून फोन ठेवते. यात तिचा विश्वास किती आणि टोमणा किती, हे मला इतक्या वर्षांत उलगडलेलं नाही. ओले कपडे बादलीत भरून गॅलरीत आले. मुलीला आतच ठेवलं, सरकतं दार ओढून घेतलं. ती काचेला नाक लावून उभी राहिली. पहिली चादर झटकली आणि तेवढ्यात दुसरा धक्का आला. लहानच, पण दोरी झुलली, आणि समोरच्या इमारतीतल्या सगळ्या दोऱ्याही झुलल्या. मॅडमच्या गॅलरीतल्या शर्टांनी एकदम हात वर उडवले आणि खाली सोडले. कुठेतरी काच फुटली. मी कठडा धरून ठेवला होता आणि दुसरं काही बघवेना म्हणून त्या शर्टांकडेच बघत होते. एक पांढरा, एक निळा, एक साहेबांचा समारंभाचा. त्यांच्या बाह्यांवर इस्त्रीच्या धारदार रेघा होत्या. छातीवर, कपाटात घडी पडते बरोब्बर तिथे, आडव्या घड्या होत्या. खालून एक थेंबही पडत नव्हता.

माझ्या डोक्याला हे समजायला वेळ लागला, हाताला लागला नाही. हाताने चादर बादलीत परत टाकली होती. मी मुलीला उचलून खाली उतरले, हिरवळ ओलांडून समोरच्या इमारतीत गेले, मॅडमच्या दाराची घंटा दाबत राहिले. आत घंटा वाजत होती, रिकाम्या घरात वाजते तशी, प्रत्येक खोलीत जाऊन परत येत. दारापुढची पायपुसणी वाकडी झाली होती. ह्या बाईने माझी पायपुसणी वाकडी आहे म्हणून दोनदा ऐकवलं होतं. खाली गाडीची जागा मोकळी होती, सिमेंटवर तेलाचा ओला डाग तेवढा. आणि मग ती टिकटिक मला कळली. घड्याळ कसलं, गाडी वळवताना लागणाऱ्या दिव्याची टिकटिक होती ती. आम्हा एकेकीला फोन करून, कपडे घाला गं, घाबरू नका गं, असं सांगत मॅडम मागच्या फाटकातून महामार्गाला लागत होती. मला राग आला असं म्हणणं बरोबर नाही. रागाला समोर काहीतरी मोठं लागतं. मला शिसारी आली, केसांच्या गुंतवळात बोट अडकल्यावर येते तशी. पळायचं तर पळावं. जीव कुणाला प्यारा नसतो? पण पळण्याआधी कपाट उघडून, नवऱ्याचे इस्त्रीचे शर्ट काढून, त्यांना चिमटे लावत बसलेली ती मला दिसत होती आणि हसूही येत होतं.

घरात परत आले तर फोन वाजत होता. मावशी होत्या. मुलीला सांभाळायला रोज खालून, शहरातून येतात. आज आल्या नव्हत्या, कारण सून नुकतीच बाळंत झालेली आणि सकाळच्या धक्क्याने भेदरलेली.

"ताई, सगळं बरं आहे ना हो? धाकधूक होतेय नुसती."

"कपडे घालतेच आहे मी मावशी," मी म्हणाले. असं उत्तर आपल्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, याची लाज मला वाक्य संपल्यावर वाटली.

मावशी हसल्या. "कपडे कोण बघतंय, ताई? ते तर तुम्ही लोक पावसातसुद्धा घालता. आम्ही पोरीला बघतो."

"कुठल्या पोरीला?"

"आपल्याच की. तुमच्या तिकडे एवढी लहान आता ती एकटीच ना! ती गॅलरीत बागडताना दिसली की गल्लीतले म्हणतात, चला, काही नाही, करा आपापली कामं. कपडे काय, कुणीही टाकून जाईल. पोर कोण टाकून जाईल?" मग आवाज खाली आणून, ओशाळून म्हणाल्या, "आज अजून दिसली नाही म्हणून सगळे माझ्यामागे लागलेत. तुमच्याकडे कामाला मी, म्हणून मलाच विचारतात. सुनेला घेऊन निघू की थांबू, मलाही कळेना झालंय. बाळाची नाळ पण पडली नाही अजून. जरा आणता का तिला बाहेर? दोन मिनिटं?"

मी 'बघते' म्हणाले आणि फोन ठेवला. मुलगी माझ्या चपलेत पाय घालून खोलीभर फरफटत होती. तिच्या मागे काचेचं दार, दारामागे गॅलरी, आणि खाली ते सगळं शहर, हजारो डोळे वर लावून. ती तिथे पहिलं पाऊल टाकताना मी टाळ्या पिटल्या होत्या, त्या कुणाकुणाबरोबर पिटल्या होत्या? तिथे ती चेंडू जाळीच्या फटीतून खाली टाकायची, आणि खालून जाणारे अनोळखी लोक तो आणून द्यायला जिने चढून यायचे. मला वाटायचं, किती गोड लोक आहेत! मॅडम तिला दर वेळी 'उन्हात ने' म्हणायची तेव्हा मला वाटायचं, स्वतःला नातवंड नाही म्हणून माया करते. मी नवऱ्याला फोन लावला. आत मोबाइल नेत नाहीत, कक्षाच्या फोनवर लावला. त्यावर घरच्यांनी फोन करू नये असा दंडक आहे.

"काय गं? लवकर बोल."

"मॅडम पळाली."

"कोण मॅडम?"

"तुझ्या साहेबांची. इस्त्रीचे कपडे टांगून गेली."

मागे एक बारीक घंटी वाजत होती, कुणीतरी ती बंद केली. "असेल काहीतरी काम," तो म्हणाला.

"जनरेटर अजून तळघरातच आहेत ना रे?"

"हे फोनवर बोलायचं आहे का?" आणि मग एकदम त्याचा आवाज बदलला, कुणीतरी जवळ आलं असावं. "हे बघा, काळजीचं कारण नाही. सगळं डिझाइनमध्ये धरलेलं आहे."

"मला 'बघा' म्हणालास?"

थोड्या वेळाने तो पुन्हा माझा नवरा झाला, हळू आवाजात. तो थकलेला होता आणि मला वाटतं घाबरलेलाही होता. तेवढं जरी म्हणाला असता तरी मी त्याच्यासाठी काहीही केलं असतं. "ऐक ना. प्रकल्पाच्या फाटकापाशी लोक जमायला लागलेत. तिला जरा गॅलरीत घेऊन उभी राहा. पाचच मिनिटं. उगाच गोंधळ झाला तर माणसं मरतील चेंगरून."

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"ते तिला बघतात ते."

"सगळ्यांनाच माहीत आहे," तो वैतागून म्हणाला. "त्यात काय एवढं? कुणाचं नुकसान होतंय?"

म्हणजे माझी मुलगीही डिझाइनमध्ये धरलेली होती. भिंत, पंप, जनरेटर आणि माझी मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी साहेबांनी पाठवलेला तो अवाढव्य पुष्पगुच्छ, गॅलरीला वसाहतीच्या खर्चाने लावून दिलेली ती जाळी, मुद्दाम बाहेरून आतलं दिसेल अशी. मी किती उपकार मानले होते! मी खिडक्यांसाठी चांगले पडदे शोधत हिंडत होते आणि हे लोक माझं लेकरू उन्हात मांडत होते. आणि तरी, यातलं सगळ्यात किळसवाणं हे, की नवऱ्याचं म्हणणं चूक नव्हतं. चेंगरून माणसं मरतात. समुद्र येईल की नाही, हे मला माहीत नव्हतं, त्याला माहीत नव्हतं, रेडिओला माहीत नव्हतं. बहुधा येणार नव्हता. बहुधा हा माझा आवडता शब्द होता, त्यात मी पदवी घेतली होती. पाच मिनिटं तिला घेऊन उभं राहायचं, हात हलवायचा. मावशींची सून परत आडवी होईल, बाळाला पाजेल. आणि मग मागच्या फाटकातून आपणही जायचं, कुणाला न कळता, गॅलरीत तिची बाहुली कठड्याला टेकवून ठेवून. हे मला इतक्या झटकन सुचलं, बाहुलीच्या टोपीसकट, की मी मॅडमला हसत होते ते तिथल्या तिथे बंद झालं.

मी मुलीला बूट घातले. पिशवीत लंगोट, पाण्याची बाटली, बिस्किटं, प्रकल्पाने वाटलेल्या आयोडीनच्या गोळ्या घेतल्या, ज्यांच्या पाकिटावर 'घाबरू नका' असं आयोडीनपेक्षा मोठ्या अक्षरात छापलेलं आहे. आणि पुढच्या फाटकातून बाहेर पडून, टेकाडाचा रस्ता उतरून, सरळ बाजारात शिरले. मागच्या रस्त्याने गेले असते तर आईकडे लवकर पोचले असते. मुलगी कडेवर खूश होती, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हात करत होती, आणि लोक हातातलं काम ठेवून तिच्याकडे बघत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

"अहो ताई, इकडे कुठे?" किराणावाला दुकानातून म्हणाला.

"मुलीला घेऊन चाललेय. डोंगरापलीकडे. तुम्हीही निघा."

तो समजुतीने हसला, मोठा भाऊ हसतो तसा. "काही होत नाही हो. साहेबांनीच सांगितलंय ना, सगळं डिझाइनमध्ये धरलंय." त्याने ते वाक्य इतकं सुरेख म्हटलं की नवऱ्याला सुद्धा तसं जमलं नसतं. त्याची बायको मात्र मागून पुढे आली, मुलीच्या पायातल्या बुटांकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं आणि गल्ला बंद केला. "अगं, काय करतेस?" तो म्हणाला. "गप बसा तुम्ही," ती म्हणाली. शेजारच्या दुकानाचं शटर खाली आलं, मग त्याच्या शेजारचं. मावशी त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलीला बघून रोजच्यासारखे हात पुढे केले, मग ते मध्येच मागे घेतले आणि आत वळून ओरडल्या, "ऊठ गं. बाळाला दुपट्यात घे. राहू दे ते भांडं, राहू दे!"

गल्लीत एकदम खूप दारं वाजायला लागली. कुणाची तरी सायकल पडली, कुणीतरी तिच्यावरून उडी मारून गेलं. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मोठ्याने म्हणत होते, "सावकाश! पळू नका! वेळ आहे, भरपूर वेळ आहे, म्हाताऱ्यांना पुढे घ्या!" मला काहीही माहीत नव्हतं. माझा आवाज स्थिर, गोड आणि खात्रीचा येत होता, हुबेहूब प्रकल्पाच्या ध्वनिक्षेपकासारखा, आणि लोक तो ऐकत होते, रांग धरत होते. मावशी सुनेला धरून माझ्याजवळ आल्या. सुनेचा चेहरा कागदासारखा झाला होता. दुपट्यातल्या बाळाची मूठ तेवढी दिसत होती.

पिशवीत फोन वाजायला लागला. कक्षातून बाहेर येऊन केला असावा, मागे वारा होता.

"कुठे आहेस तू? गॅलरीत कुणीच नाही म्हणतायत इथे. अगं, तिला जरा दिसू दे ना!"

मी तिला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. रस्ता भरून माणसं चढाकडे चालली होती, आणि जो तो जाताना एकदा मान वळवून तिला बघून घेत होता.

"दिसतेय," मी म्हणाले. "सगळ्यांना दिसतेय."